गडद लाल गार्नेटसाठी अंगठीचे कोंदण कोणते निवडावे?

आपले गार्नेट बोटात घातल्यावर काळपट दिसते आणि म्हणून कोंदण बंद घ्यावे की उघडे, असा आपला प्रश्न आहे. माझे मत स्पष्टपणे उघड्या कोंदणाच्या बाजूने आहे. गडद खडा स्वतःच पुष्कळ प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे त्याच्या बाजू आणि तळ धातूने झाकले की रंगाची धग विझते. याउलट चार बारीक पकडींनी उचलून धरलेल्या आणि खालून मोकळ्या ठेवलेल्या खड्यात बाजूनेही उजेड शिरतो आणि कडेच्या पैलूंमध्ये लाल रंग स्पष्ट उमटतो. खडा खिडकीजवळ पांढऱ्या कागदावर ठेवून आणि मग तळाशी बोट लावून पाहिल्यास हा फरक लगेच कळतो.

मात्र गार्नेटची कठीणता मोह्स मापनानुसार (खनिजांची कठीणता १ ते १० अशी मोजणारी श्रेणी) साधारण ६.५ ते ७.५ असते, माणकाची ९. म्हणजे रोजच्या वापरात गार्नेटच्या कडा झिजू शकतात. अंगठी रोज घालायची असेल, तर कडेभोवती पातळ पट्टी असलेले, पण तळ उघडा ठेवलेले कोंदण करून घ्यावे. पट्टी जाड नसावी, हे सोनाराला आवर्जून सांगावे.

धातूचे म्हणाल तर पिवळ्या सोन्यात हा लाल ऊबदार वाटतो, पांढऱ्या धातूत अधिक करकरीत. खडा अजून घ्यायचा असेल, तर उथळ घडणीचा निवडावा. खोल घडणीचा खडा आणखी काळवंडतो.