कांद्यावरच्या बंदीला मत दिलं कुणी?

निफाड तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देते.

"मॅडम, मी एस. वाय. बी.कॉम.ला आहे. आमचा कांदा लासलगावला जातो. डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा मी बारावीत होते. लिलाव बंद पडला आणि पप्पा भरलेला ट्रॅक्टर परत घेऊन आले. निर्यातीचे कायदे जिथे होतात तिथे आपण असायला हवं, असं मला तेव्हापासून वाटतं. मामा म्हणतात यूपीएससी कर, कॉलेजातले सर म्हणतात लॉ कर, मैत्रीण म्हणते फॉरेन ट्रेडमध्ये एमबीए कर. विधेयकाचा कायदा कसा होतो ते नागरिकशास्त्रात वाचलंय. पण तिथे काम करणारी माणसं कोण असतात? आणि बंदीच्या बाजूने कोणत्या खासदारांनी मत दिलं, हे कुठे बघायला मिळेल? शेवटचं म्हणजे, पप्पा विचारतात, कमाई कधी सुरू होईल?"

बाळा, मतांचा प्रश्न आधी घेते, कारण तुझ्या करिअरची दिशा त्याच्याच उत्तरात आहे.

त्या बंदीवर मतदान झालंच नव्हतं. विधेयक आलं नाही, चर्चा झाली नाही. 7 डिसेंबर 2023 ला विदेश व्यापार महासंचालनालयाने, म्हणजे डीजीएफटीने, एक अधिसूचना काढली. कोणत्या मालाची निर्यात खुली आणि कोणत्या मालाची नाही, याचा एक मोठा तक्ता असतो. त्यात कांद्याच्या ओळीत 'मुक्त' हा शब्द होता, त्या जागी 31 मार्च 2024 पर्यंत 'निषिद्ध' आला (ही मुदत नंतर वाढवली गेली). एका रकान्यातला एक शब्द बदलला. खाली काही अपवाद दिले होते: अधिसूचनेआधी जहाजावर माल चढवायला सुरुवात झाली असेल, किंवा माल कस्टम्सच्या ताब्यात गेला असेल, तर तो जाऊ द्यावा. ज्याचा कंटेनर त्या वेळी बंदराच्या वाटेवर होता, त्याचं नशीब या अपवादांच्या शब्दरचनेवर ठरलं. तुझ्या पप्पांचा ट्रॅक्टर तर त्याच्याही कितीतरी मागे होता.

मग हा अधिकार सरकारला दिला कोणी? संसदेनेच, 1992 साली. विदेश व्यापार (विकास आणि विनियमन) अधिनियम, 1992 असं त्या कायद्याचं नाव. आयात सुलभ करणं आणि निर्यात वाढवणं हा उद्देश त्याच्या पहिल्याच वाक्यात लिहिला आहे. त्याच कायद्याच्या कलम 3 मध्ये केंद्र सरकारला राजपत्रातल्या आदेशाने कोणत्याही मालाची आयात-निर्यात रोखण्याचा, मर्यादित करण्याचा आणि त्याला अपवाद ठेवण्याचा अधिकार आहे. कलम 5 नुसार विदेश व्यापार धोरण जाहीर करता येतं आणि बदलताही येतं. निर्यात वाढवण्यासाठी केलेल्या कायद्याच्या पोटातच ती थांबवण्याची किल्ली आहे. तू मत शोधत होतीस ना? ते 1992 मध्ये कलम 3 ला दिलं गेलं.

बंदीच्या आधी, ऑगस्ट 2023 मध्ये, कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागलं होतं, आठवतं? तो निर्णय डीजीएफटीचा नव्हता. शुल्क सीमाशुल्काच्या कायद्यांखाली लागतं आणि ते अर्थ मंत्रालयाकडे असतं. म्हणजे वाणिज्य मंत्रालयाने दार बंद केलं, त्याआधी अर्थ मंत्रालयाने दारात पैसे मागितले. गावात दोन्हींना 'दिल्लीने केलं' म्हणतात. तुला या क्षेत्रात यायचं असेल तर आजपासून हे दोन निर्णय वेगळे ओळखायला शिक. निवेदन कुणाला द्यायचं, दाद कुठे मागायची, हे सगळं त्यावर अवलंबून असतं.

आता विधेयकाचा प्रवास. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात तो सभागृहाच्या दारातून सुरू होतो. खरं म्हणजे तोवर निम्मं काम उरकलेलं असतं. परदेशी व्यापार हा संघसूचीतला विषय आहे, नोंद 41, त्यामुळे हा कायदा मुंबईत होत नाही, दिल्लीतच होतो. वाणिज्य विभागाला एखादी अडचण जाणवते: जुना कायदा अपुरा पडतोय, नाहीतर एखादी नवी संस्था उभारायची आहे. मग इतर मंत्रालयांची मतं मागवली जातात, निर्यातदारांच्या संघटनांशी बोलणी होतात, विधि मंत्रालयाकडून सल्ला घेतला जातो, मंत्रिमंडळासाठी टिपण तयार होतं. आणि मसुदा लिहायला फाइल विधि मंत्रालयाच्या विधायी विभागात जाते. या खोलीचं नाव लक्षात ठेव. 'करता येईल' लिहायचं की 'करावे लागेल', हे तिथे बसलेली माणसं ठरवतात. पहिल्यात सरकारला मोकळीक राहते, दुसऱ्यात सरकार बांधलं जातं.

विधेयक मांडल्यावर काही वेळा, दर वेळी नाही, ते संसदेच्या स्थायी समितीकडे जातं. वाणिज्याची समिती राज्यसभेच्या अखत्यारीत येते. तिच्यात दोन्ही सभागृहांचे मिळून 31 सदस्य असतात. समिती जाहिरात देऊन लोकांकडून लेखी निवेदनं मागवते, अधिकाऱ्यांना आणि संघटनांना बोलावून प्रश्न विचारते, मग अहवाल देते. अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. तरीही शेतकऱ्याला आणि छोट्या निर्यातदाराला कायदा होण्याआधी तोंड उघडायची हीच सगळ्यात चांगली जागा आहे. दुःख याचं वाटतं की आपल्या भागातून तिथे फार कमी कागद पोचतात. आंदोलन आपण जोरात करतो, चार पानी निवेदन मात्र मुदतीत जात नाही. ते लिहिणारं माणूस तालुक्यात नसतं.

पुढचं तू वाचलेलंच आहेस: कलमावार चर्चा, दुरुस्त्या, मतदान, मग दुसरं सभागृह, मग राष्ट्रपतींची संमती आणि राजपत्र. मी फक्त शेवटाकडे बोट दाखवते. संमती मिळाली म्हणजे कायदा लागू झाला, असं नसतं. विशेष आर्थिक क्षेत्रांच्या कायद्याला, म्हणजे एसईझेड कायद्याला, 23 जून 2005 ला संमती मिळाली आणि तो लागू झाला 10 फेब्रुवारी 2006 ला. मधल्या साडेसात महिन्यांत नियम तयार झाले. कारखान्याचा अर्ज कुठे करायचा, मंजुरी कशी मिळणार, हे सगळं नियमांत असतं. नियम मंत्रालय बनवतं.

1992 च्या कायद्याचं उलटं झालं. आधी 19 जून 1992 ला अध्यादेश निघाला. 1947 पासून चालत आलेल्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याची जागा नव्या व्यवस्थेने घेतली. 1991 च्या आर्थिक सुधारणांनंतरचे ते दिवस होते, सरकार संसदेचं अधिवेशन सुरू होण्याची वाट बघत बसलं नाही. नंतर विधेयक आलं, मंजूर झालं आणि 7 ऑगस्टला संमती मिळाली. आता कलम 1 चं पोटकलम 3 बघ. त्यात म्हटलंय की कलमं 11 ते 14 तत्काळ लागू होतील आणि बाकीचा कायदा 19 जूनपासून लागू झाल्याचं मानलं जाईल. हा फरक का केला असेल? 11 ते 14 ही उल्लंघनाची, जप्तीची, दंडाची कलमं आहेत. कायदा मागच्या तारखेपासून लावला तरी शिक्षा मागच्या तारखेपासून लावू नये, ही काळजी मसुदा लिहिणाऱ्याने त्या एका वाक्यात घेतली, असं मी ते वाचते. मुलांना हे वाक्य दाखवते तेव्हा ज्याचे डोळे चमकतात, त्याला मी विधिलेखनाकडे जायला सांगते. तू ते दोनदा वाच आणि तुला काय वाटतं ते स्वतःशी प्रामाणिकपणे बघ.

तिघांच्या सल्ल्यांकडे वळू.

मामांचा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. नागरी सेवा परीक्षेतून 'इंडियन ट्रेड सर्व्हिस' मिळू शकते. डीजीएफटीचे अनेक अधिकारी यातून येतात. पण तिथे जागा फार थोड्या असतात. यूपीएससीला बसणाऱ्या मुलीने फक्त त्या सेवेवर डोळा ठेवणं धोक्याचं आहे. शिवाय धोरण अंमलात आणणं आणि वेळोवेळी बदलणं हे तिथलं मुख्य काम. मूळ कायदा लिहिण्याचं काम तिथे नाही.

एमबीए, उदाहरणार्थ 1963 पासून चालू असलेल्या आयआयएफटीमध्ये (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन ट्रेड), तुला व्यापार करायला शिकवेल: बाजार, भाव, जहाज, बँकेची कागदपत्रं. चांगलं शिक्षण आहे. तुझ्या पत्रात मात्र मला व्यापार करण्याची ओढ दिसली नाही, नियम बदलण्याची दिसली.

म्हणून माझं मत सरांच्या बाजूला पडतं. बी.कॉम. पूर्ण कर, मध्येच सोडू नकोस. मग तीन वर्षांच्या एलएलबीसाठी राज्याची लॉ सीईटी दे. कॉलेज मुंबईचं असो की नाशिकचं, दोन गोष्टी तुलाच कराव्या लागतील, कारण वर्गात त्या पुरेशा होत नाहीत: इंग्रजीतून कायद्याचा मजकूर वाचणं आणि स्वतः मसुदा लिहिणं. विधायी विभागाच्या त्या खोलीत जाण्याची वाट 'इंडियन लीगल सर्व्हिस'मधून जाते. त्या पदांची भरतीही यूपीएससीच करते, मात्र त्यासाठी कायद्याची पदवी आणि काही वर्षांचा अनुभव लागतो. याच विभागात 1989 पासून विधिलेखनाचं प्रशिक्षण देणारी संस्था आहे, आयएलडीआर. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तिथे इंटर्नशिपसाठी अर्ज करता येतो. लॉला प्रवेश मिळाल्यावर हे विसरू नकोस.

त्याआधीची एक संधी अनेकांना ठाऊक नसते. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था 'लॅम्प' नावाची फेलोशिप चालवते. त्यात एका खासदाराबरोबर जवळपास वर्षभर काम करायचं असतं: प्रश्न तयार करणं, विधेयकांचा अभ्यास करून देणं, भाषणाची टिपणं काढणं, कधी खासगी विधेयकाचा, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडायच्या विधेयकाचा, मसुदा लिहिणं. शाखा कोणतीही चालते, पदवी हवी आणि वय 25 च्या आत हवं. निवड कडक आहे, पण तालुक्याच्या कॉलेजातून आलेय म्हणून घाबरू नकोस. कांद्याचा लिलाव बंद पडलेला ज्याने पाहिलाय असं माणूस त्या खोलीत असणं खासदाराच्याही फायद्याचं आहे. खासगी विधेयकाबद्दल मात्र भ्रम ठेवू नकोस. आजवर अशी फक्त 14 विधेयकं कायदा झाली आणि त्यातलं शेवटचं 1970 मध्ये. त्यांचा खरा उपयोग एखादा विषय सभागृहाच्या पटलावर आणण्यासाठी होतो.

आणखी एक सांगते. 1992 च्या त्याच कायद्याच्या कलम 19 नुसार सरकारने काढलेला प्रत्येक नियम आणि प्रत्येक आदेश दोन्ही सभागृहांपुढे तीस दिवस ठेवावा लागतो, आणि त्यात बदल करण्याचा किंवा तो रद्द करण्याचा अधिकार संसदेला आहे. कागद ठेवले जातात, पण ते वाचून खासदाराला वेळेवर 'इथे बघा' म्हणणारा कुणीतरी लागतो. तू विचारलंस ना, काम करणारी माणसं कोण असतात? ही असतात. आणि ती कमी पडतात.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत एक काम कर. 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर 1992 चा कायदा फुकट मिळतो. फार मोठा नाही, चार दिवसांत वाचून होईल. मग डीजीएफटीच्या संकेतस्थळावरून 2023 ची बंदीची अधिसूचना आणि मे 2024 मध्ये बंदी उठवतानाची अधिसूचना काढ. दुसरीत टनामागे 550 डॉलरचा किमान निर्यात भाव घातला होता, तो कसा लिहिलाय ते बघ. नंतर कोरा कागद घेऊन बस आणि कलम 3 ला एक परंतुक, म्हणजे 'परंतु' म्हणून जोडलेली अट, लिहून बघ: शेतमालावर बंदी घालायची असेल तर किती दिवस आधी सांगावं, वाटेतल्या मालाचं काय करावं, खरोखरच टंचाई असेल तर सरकारने काय करावं. शेवटचा मुद्दा गाळू नकोस. शहरात कांदा विकत घेणारी बाईही या कायद्याची धनी आहे, आणि तिला विसरून लिहिलेला मसुदा समितीपुढे दहा मिनिटंही टिकणार नाही. सात-आठ ओळी पुरेत. जमल्या तर मला पाठव, मी लाल पेनाने तपासून परत पाठवीन.

आता पप्पांचा प्रश्न. त्यांना स्पष्ट सांग की ही वाट लवकर कमाईची नाही. बी.कॉम.नंतर लगेच लॅम्प मिळालं तर त्या वर्षी मानधन मिळेल, पण दिल्लीत राहायचा खर्चही असेल. नंतर लॉची तीन वर्षं, त्यापुढे वकिलाच्या हाताखालचा सुरुवातीचा काळ, तो सगळ्यांनाच तंगीचा जातो. आणि घरची परिस्थिती थांबू देत नसेल तर दुसरा रस्ताही मानाचा आहे. निर्यातदाराच्या किंवा कस्टम्स ब्रोकरच्या कार्यालयात कागदपत्रांच्या कामाला लाग. शिपिंग बिल कसं भरतात, अधिसूचना आली की सकाळी नऊ वाजता कार्यालयात काय धावपळ उडते, हे तिथे कळेल आणि पगारही सुरू होईल. ती नोकरी चार वर्षं करून लॉला आलेली मुलगी वर्गात सगळ्यांच्या पुढे असते. फक्त लॅम्पची वयाची अट तेवढी मनात ठेव. पप्पांना घेऊन एकदा फोनवर बोललीस तरी चालेल, हिशेब आपण तिघं मिळून मांडू.