कंपनीत इनोव्हेशन करायला माणूस क्रिएटिव्हच असावा लागतो का?

तुम्ही लिहिलंय, इनोव्हेशन टीममध्ये नाव घातलंय पण मला काही सुचत नाही, नकार देऊ का. अजिबात देऊ नका. सुचणं हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे.

मी भोसरीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे, सुपरवायझर होतो. प्रेसवरची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायला पावणेदोन तास जायचे. त्यातला निम्मा वेळ डाय आवळणाऱ्या क्लॅम्पखाली द्यायचे पट्ट्यांचे तुकडे शोधण्यात, कारण प्रत्येक डायच्या कडेची जाडी वेगळी, म्हणून बोल्टही वेगळा. आमच्या नाइटच्या सेटरना, म्हणजे डाय चढवणाऱ्यांना, सगळे मामा म्हणायचे. त्यांनी डायवार मापाच्या पट्ट्या कापून, तारेत ओवून, वर नंबर रंगवून लॉकरमध्ये ठेवल्या होत्या. त्यांची डाय तासाभरात चढायची. आषाढीला मामा वारीला गेले, लॉकरला कुलूप, की डायचं सेटिंग पुन्हा पावणेदोन तासांवर. दोन वर्षं हेच.

मामा परतल्यावर आम्ही दोघांनी 26 डाय मोजल्या. सगळ्या कडा एकाच उंचीच्या करायच्या, म्हणजे बोल्ट एक, पाना एक. डाय बनवणारी-दुरुस्त करणारी टूल रूम म्हणाली ड्रॉइंग आणा. परचेसने मटेरियल अडवलं. बेस प्लेट बिडाची, वेल्डिंगने तडा जाईल, म्हणून पट्ट्या ॲलन बोल्टने बसवल्या. एका डायला क्लॅम्प कापलेला पत्रा बाहेर पडायच्या वाटेत आला, ती परत खोलली. पाचव्या महिन्यात नवी पद्धत सेटिंग शीटवर चढली. मग मामा नसतानाही 40 मिनिटं.

त्या वर्षी बक्षीस मिळालं एका प्रेझेंटेशनला, जे पुढे कुणी वापरलंच नाही. साहेब मला म्हणाले, "तुमचं ते जुगाड हो, त्यात नवीन काय?" साहेब, जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी टोयोटात 1000 टनी प्रेसचं सेटिंग चार तासांवरून तीन मिनिटांवर आणलं, ते असल्याच बोल्ट-क्लॅम्पच्या कामातून. लॉकरमधली तार हे जुगाड होतं. तिन्ही शिफ्टला, कुणाच्याही हातून, शीट वाचून जे होतं त्याला जुगाड म्हणत नाहीत.

तेव्हा टीममध्ये जा आणि आधी कुणाच्या लॉकरमध्ये काय पडलंय ते बघा. नवं उत्पादन काढणारं खातं असेल तर कल्पकता लागेलच, तिथे माझा अनुभव लावू नका. आणि वरून टूल रूमचा वेळ मिळाला नाही तर तुमचंही काही चालणार नाही.

शिवाय कागदावर सुचवणाऱ्याचं नाव घाला. आमच्या शीटवर 'तयार करणार'पुढे माझं नाव आहे. मामांसाठी रकानाच नव्हता, आणि तो मी तेव्हा भांडून घेतला नाही.