जुना रंग पूर्ण खरवडायचा का? आणि आधी पुट्टी की प्रायमर?

तुमचा प्रश्न असा: खोल्या स्वतःच रंगवायच्या आहेत, भिंतींवर आधीच्या रंगाचे तीन-चार हात आहेत, काही ठिकाणी पोपडे निघालेत. मग जुना रंग सगळा काढायलाच हवा का, आणि पुट्टी (भिंत सपाट करणारा लेप) आधी लावायची की प्रायमर (रंगाखालचा, पकड देणारा हात)?

मी रंगारी नाही. पण घर दोनदा स्वतः रंगवलंय आणि त्यातली पहिली मेहनत पूर्ण वाया घालवलीय. त्या वेळी मी जुन्या डिस्टेंपरवर सरळ पुट्टी ओढली. वाळली, घासली, भिंत आरशासारखी दिसायला लागली. मग प्रायमरचा ओला रोलर फिरवला आणि हातभर लांबीचा पुट्टीचा पापुद्रा रोलरला चिकटून खाली आला. उलटून पाहिलं तर मागे डिस्टेंपर तसाच चिकटलेला. पुट्टीने आपलं काम चोख केलं होतं, तिने ज्याला धरलं त्यानेच भिंत सोडली होती.

तेव्हा सगळा रंग काढायचा की नाही हे भिंतीलाच विचारायचं. आधी कोरडा तळहात जोरात घासून बघा. हाताला पांढरी भुकटी लागली तर वरचा थर मेलेला आहे. मग ओला स्पंज फिरवा. पाणी दुधाळ झालं तर तो चुना किंवा साधा डिस्टेंपर. तो काढावाच लागतो, त्याला पळवाट नाही. भिंत चांगली ओली करायची, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायची आणि पत्र्याने, म्हणजे रंग खरवडायच्या पातीने, खरवडायची. कोरडी खरवडलीत तर वेळ दुप्पट लागतो आणि धूळ घरभर होते.

हात स्वच्छ राहिला तर पुढची परीक्षा. ब्लेडने रंगावर फुलीचा छेद द्या, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंग आला नाही तर तो थर मजबूत आहे, त्याला उगाच हात लावू नका. प्रत्येक भिंतीवर दोन-तीन ठिकाणी हे करा. खिडकीखाली आणि न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर तर नक्कीच. माझ्या एकाच खोलीत तीन भिंती पक्क्या आणि चौथी भुसभुशीत निघाली होती. जिथे पोपडे आहेत तिथे पत्रा आत सरकेनासा होईपर्यंत खरवडायचं, मग उरलेल्या रंगाची कड १०० नंबरच्या पॉलिश पेपरने उतरती करायची. ती कड तशीच ठेवली तर तीन हात रंग मारल्यावरही नकाशासारखी वर दिसते.

जुना रंग चकचकीत ऑइल पेंट असेल तर तो खरवडायची गरज नसते, पण चकाकी मोडावी लागते. १२० ते १५०च्या पेपरने घासून तो मंद करा, नाहीतर नव्या रंगाला पकडायला काही मिळत नाही. एक मात्र गंभीरपणे घ्या: घर बरंच जुनं असेल तर त्या काळच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. शंका असेल तर चाचणी करून घ्या आणि तोवर कोरडं घासणं पूर्ण टाळा. ती धूळ लहान मुलांना आणि गरोदर बाईला सगळ्यात घातक. एरवीही पुट्टी-प्लास्टर घासताना एन-९५ मास्क लावाच, तोंडाला रुमाल बांधून ती बारीक धूळ थांबत नाही.

आता ओल. पोपडे एकाच जागी पुन्हापुन्हा येत असतील, किंवा पांढरे क्षार कापसासारखे फुटत असतील, तर तो रंगाचा दोष नाही. ४५ सेंटिमीटर चौरसाचा प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, चारही कडा टेपने हवाबंद चिकटवा आणि एक दिवस तसाच ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमले तर खोलीतली वाफ गार भिंतीवर बसतेय, म्हणजे इलाज हवा खेळती ठेवण्याचा. भिंतीतून येत असेल तर आधी गळकी नळी किंवा बाहेरच्या भिंतीची भेग शोधा आणि भिंत पूर्ण सुकू द्या. क्षार कोरड्या ब्रशने झाडून काढा. पाण्याने धुतले तर ते विरघळून पुन्हा आत जिरतात. गिलावा नवीन असेल तर निदान २८ दिवस थांबा. ताज्या सिमेंटचा अल्कलीपणा रंग खातो.

बुरशी नुसती पुसून मरत नाही. एक भाग ब्लीच, तीन भाग पाणी, दहा-पंधरा मिनिटं ठेवून धुवा आणि वाळवा. खिडक्या उघड्या हव्यात, आणि ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनियाचं कुठलंही क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा तेलकटपणा साबणाच्या पाण्याने धुवून टाका. त्यावर काहीच टिकत नाही. गळतीचे पिवळे डाग, धुराचे डाग आणि स्केचपेनची चित्रं पाण्यावर आधारित रंगातून वर येतात, कितीही हात मारा. तेवढ्या जागेला ऑइल प्रायमर किंवा डाग दाबणारा प्रायमर लावायचा.

केसासारख्या भेगेत पुट्टी नुसती चोपडली तर ती वरच्यावर बसते आणि काही महिन्यांत भेग परत दिसते. पत्र्याच्या कोपऱ्याने ती थोडी रुंद करा, इंग्रजी व्हीसारखी खाच पाडा, धूळ काढा आणि मग भरा. बोटाच्या गाठीने ठोकून बघा. जिथे पोकळ वाजतं तिथला गिलावा सुटलाय. तो पाडून नवा करणं भाग आहे, पुट्टी म्हणजे गिलावा नव्हे. साधारण दीड मिलिमीटरपर्यंत तिचा थर चांगला. खोल खड्ड्यात एकदम भरली की आकसून तडकते.

राहिला पुट्टी-प्रायमरचा प्रश्न. त्याची दोन उत्तरं ऐकू येतात आणि दोन्ही बरोबर असतात, कारण पुट्ट्या दोन प्रकारच्या आहेत. पांढऱ्या सिमेंटची, पावडर कालवून लावायची पुट्टी उघड्या गिलाव्यावर जाते. तिला खाली प्रायमर नको, उलट भिंत पाण्याने ओलसर करून घ्यायची. जुन्या रंगावर ती लावू नका. डब्यात तयार मिळणारी ॲक्रिलिक पुट्टी असेल तर आधी प्रायमर, मग पुट्टी. जुन्या पण मजबूत रंगाच्या भिंतीवर हीच सोपी पडते, फक्त ओलीच्या जागी लावायची नाही. दोन्हींच्या वर शेवटी प्रायमरचा हात हवाच. पुट्टी रंग शोषते, न शोषणाऱ्या जागेशेजारी ती डबक्यासारखी उठून दिसते.

पुट्टीचे दोन पातळ हात, पहिला उभा, दुसरा आडवा. पावडरची पुट्टी थोडीथोडीच कालवा, घट्ट झाली की पाणी घालून जिवंत करू नका. वाळली की १८०च्या पेपरने, शेवटी २२०ने घासा, पण सिमेंटची असेल तर घासणं दिवसांवर ढकलू नका, दगड होते.

घासताना दिवसाच्या उजेडावर विसंबू नका. खोलीत अंधार करा, टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. एरवी सपाट वाटणाऱ्या भिंतीवर टेकड्या आणि खाचा उठून दिसतील, त्यांना पेन्सिलीने गोल करा. मग ब्रशने आणि ओलसर कपड्याने धूळ पुसा, भिंत कोरडी झाली की प्रायमर. वीज मेनमधून बंद करून स्विचबोर्डाच्या पट्ट्या सैल करायला विसरू नका, त्यांच्याभोवती रंगकाम करणं म्हणजे नुसता वैताग.

प्रायमर वाळल्यावर पुन्हा एकदा टॉर्च मारा. पुट्टी घासताना नजरेतून सुटलेले दहा-बारा खड्डे आता दिसतील. त्यावर ॲक्रिलिक पुट्टीचा पातळ हात, हलका पेपर, तेवढ्या ठिपक्यांवर पुन्हा प्रायमर, आणि मग रंगाचा डबा उघडा.