आराखडा ठरल्यावर मुलांना काय विचारायचं?

प्रश्न: आमच्या विज्ञान केंद्रात हवामान बदलावर नवं दालन होत आहे. त्याच्या मांडणीत शेजारच्या झोपडवस्तीतल्या १५-१६ वर्षांच्या मुलामुलींना सहभागी करून घ्यायचं ठरलं. आम्ही बैठक बोलावली, आराखडे पडद्यावर दाखवले, मतं विचारली. सगळी 'छान आहे' म्हणाली आणि निघून गेली. त्यांना यात रसच नाही, असं सहकारी म्हणतात. काय करावं?
— एक वाचक

उत्तर: रस नाही, हे मला पटत नाही. रंगीत आराखडा तयार, खोलीभर मोठी माणसं आणि इमारतीत पहिल्यांदा पाऊल टाकलेलं पोर. ते 'छान आहे' याशिवाय काय बोलणार? मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं, यांना ते सहभाग मानतच नाहीत. तुमची बैठक तिसऱ्या पायरीवर झाली. तुमची तळमळ खरी आहे म्हणून स्पष्ट लिहिते.

मुलांना पुठ्ठ्याच्या टप्प्यावर, म्हणजे कच्चे नमुने जोडून बघत असतानाच बोलवा. मी प्रदर्शनं बनवते. पत्र्याच्या घरातल्या उकाड्यावर आम्ही एक प्रयोग रचत होतो. पुठ्ठ्याची दोन खोकी, एकावर साधा पत्रा, दुसऱ्यावर पांढरा रंग दिलेला, वर प्रखर दिवा आणि तळाशी थर्मामीटर. गटातली एक मुलगी बराच वेळ आत डोकावत राहिली. मग म्हणाली, "थर्मामीटर खाली का ठेवलाय? मी तर माळ्यावर झोपते." तिने कात्री घेतली, पुठ्ठ्याचा माळा कापून आत चिकटवला आणि थर्मामीटर त्यावर ठेवला. पारा भराभर चढला. तापलेला पत्रा खाली उष्णता फेकतो, शिवाय गरम हवा वर साठते. दोन्हींचा मारा माळ्यावरच होतो. हे शास्त्र आम्हाला ठाऊक होतं, पण त्या घरात माणूस नेमका कुठे झोपतो ते तिला ठाऊक होतं. लगेच दुसऱ्याने पत्र्याखाली फट सोडून चटई लावलेलं तिसरं खोकं मागितलं. प्रयोग त्या तीन खोक्यांचाच झाला. लाकूडकाम होऊन गेलं असतं तर त्या मुलीने कात्री उचललीच नसती.

मात्र प्रत्येकाकडून वस्तीच्या हालअपेष्टाच ऐकायच्या, असा हट्ट धरू नका. एखाद्याला पत्र्यापेक्षा कृष्णविवरात गोडी असेल. त्याला ते करू द्या.

आणि मानधन द्या. प्रवासखर्च वेगळा. भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम हे विज्ञान संग्रहालय सुरू केलं, तिथे शाळकरी वयाची मुलं 'एक्स्प्लेनर' म्हणजे प्रयोग समजावून सांगणारे म्हणून पगारावर प्रेक्षकांशी बोलत आली आहेत. तुमच्या मांडणीकाराला पैसे मिळतात, मग तेच काम करणाऱ्या मुलीला नुसतं प्रमाणपत्र का? ज्या घरात सुट्टीतली कमाई मोजली जाते, तिथलं मूल फुकटच्या कामाला फार दिवस येऊ शकत नाही. मग उरतात ती ज्यांना परवडतं तीच.

एकट्यादुकट्याला बोलावू नका, चार-पाच जण ओळखीचे असू द्यात. पहिली भेट त्यांच्या वस्तीत घ्या. कोणते निर्णय त्यांचे आणि कोणते तुमचे, हे आधीच सांगा. सुरक्षेचे नियम तुमचे असतील, तर तेही लपवू नका. त्यांनी एखादी वस्तू नको म्हटली आणि तुम्ही ती तरीही ठेवली, तर कारण त्यांना समोर बसवून सांगा.

सध्याच्या दालनाचं म्हणाल, तर काय काय अजून ठरायचं आहे याची यादी काढा. फलकांचा मजकूर, बटणांची उंची, एखादा रिकामा कोपरा, काहीतरी निघेलच. तो कोपरा खर्चाच्या तरतुदीसकट त्यांच्या हवाली करा आणि त्याच मुलांना पुन्हा बोलवा. त्यांच्या परीक्षा संपल्यावर.