बाग विकण्याआधी एवढा हिशेब मांडा, सर

तासगाव तालुक्यातल्या एका शिक्षक वाचकांचं पत्र आलं आहे. वय ५०, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी, निवृत्तीला आठ वर्षं. हातात पगार ८२ हजार. अडीच एकर द्राक्षबाग, बँकेत ११ लाखांची मुदत ठेव, म्युच्युअल फंडात ६ लाख, जीपीएफमध्ये १४ लाख, घरकर्जाचे ९ लाख बाकी. मुलीला २०२५ च्या नीटमध्ये ४०२ गुण, दुसरा प्रयत्न. धाकटा मुलगा नववीत. ते विचारतात: "डीम्ड कॉलेजची फी वर्षाला २६ लाख सांगतात. किर्गिझस्तानचा एजंट पाच वर्षांचे मिळून २६ लाख म्हणतो. एका वर्षाच्या फीमध्ये तिकडे मुलगी डॉक्टर होत असेल तर विचार करायचाच कशाला, असं घरातले म्हणतात. दीड एकर बाग विकून मोकळं व्हावं का?"

नमस्कार सर,

पत्रासोबत एजंटच्या माहितीपत्रकाचा फोटो पाठवलात, फार बरं केलंत. आकडे बघण्याआधी मी त्यातली खालून तिसरी ओळ वाचली. 'पाच वर्षांत पदवी, सहाव्या वर्षी इंटर्नशिप भारतात.' ही ओळ तुमच्या २६ लाखांपेक्षा महाग पडणारी आहे.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे (एनएमसी) नोव्हेंबर २०२१ चे नियम सांगतात ते असं. परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा. त्यानंतर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत. शिवाय त्या देशात तिथल्या नागरिकाप्रमाणे प्रॅक्टिसचा परवाना मिळण्याची पात्रता हवी. हे सगळं झाल्यावर भारतात येऊन एफएमजीई ही परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठीची परीक्षा, आणि ती पास झाल्यावर भारतात आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप. म्हणजे इंटर्नशिप दोन, एक तिकडची आणि एक इकडची. तिकडची गाळून पत्रक स्वस्त दिसतंय, पण तसं केलं तर मुलीला एफएमजीईला बसण्याचीच पात्रता राहणार नाही. पत्रकावरच्या 'एनएमसी मान्यताप्राप्त' या शिक्क्याचंही तेच. आयोग परदेशी कॉलेजांना मान्यता देत नाही, तो फक्त नियम सांगतो आणि ते पाळले आहेत की नाही हे बघण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकतो. शिक्का एजंटच्या छापखान्यातला आहे.

आता खर्च. एजंटचे २६ लाख धरू. सहावं वर्ष तिकडेच काढायचं, म्हणजे आणखी साडेचार. फी डॉलरमध्ये आहे. २०१९ च्या मध्यावर डॉलर सत्तरच्या आसपास होता, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अठ्ठ्याऐंशीच्या पुढे गेला. सहा वर्षं रुपया जागेवर राहील असं धरून बजेट करणं म्हणजे बागेला अवकाळी पाऊस लागणारच नाही असं धरणं. त्यासाठी अडीच लाख. विमानाची तिकिटं, व्हिसा, विमा, किर्गिझस्तानच्या राजधानीतल्या, बिश्केकच्या थंडीचे कपडे मिळून चार. परत आल्यावर एफएमजीईचा क्लास आणि पुण्यात राहणं, तीन. झाले ४० लाख.

दुसरा खर्च कुठल्याच पत्रकात नसतो, तो वेळेचा. इथे एमबीबीएस साडेपाच वर्षांत संपतं, इंटर्नशिप धरून. तिकडून आलेल्याला सहा वर्षं, मग परीक्षेची तयारी आणि निकाल, मग इथली इंटर्नशिप. सगळं पहिल्या झटक्यात जमलं तरी आठ वर्षं धरा. अडीच वर्षं उशिरा कमवायला लागणं, महिना ६५ हजारांनी मोजलं तर साडेएकोणीस लाख होतात. म्हणजे तुमचं किर्गिझस्तान खरं पाहता ६० लाखांना पडतं.

डीम्डचंही, म्हणजे अभिमत विद्यापीठातल्या कॉलेजचंही मांडू. २६ गुणिले साडेचार, १ कोटी १७ लाख. हॉस्टेल-मेस वर्षाला पावणेतीन धरलं तर साडेपाच वर्षांचे पंधरा. एकूण १ कोटी ३२ लाख. तुमच्याकडचं सगळं झाडून काढलं तरी ८० लाखांचं कर्ज लागेल. साडेदहा टक्क्यांनी, शिक्षण आणि वर एक वर्ष हप्त्याची सवलत संपेपर्यंत ते साधारण १ कोटी २० लाख झालेलं असेल. १५ वर्षांच्या मुदतीला महिन्याचा हप्ता १ लाख ३० हजारांच्या घरात. नुकती एमबीबीएस झालेली मुलगी ६०-७० हजारांवर लागेल आणि तुम्ही त्याच सुमारास निवृत्त होत असाल. यात तिच्या पीजीचा विचारसुद्धा नाही. डीम्ड या घरासाठी नाही. यावर मी जास्त लिहीत नाही, कारण तुम्हालाही ते माहीत आहे, फक्त कुणीतरी बोलून दाखवायला हवं होतं.

पण म्हणून किर्गिझस्तान आपोआप बरोबर ठरत नाही. तुमच्या पत्रात एक पर्याय आलेलाच नाही. खासगी कॉलेजांतला राज्य कोटा, म्हणजे राज्यातल्या मुलांसाठीच्या जागा. तिथली फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजनुसार त्यात बराच फरक असतो. मी वर्षाला ११ लाख धरतो. साडेचार वर्षांचे साडेएकोणपन्नास, वर राहण्या-खाण्याचे चौदा. त्रेसष्ट लाख. आता वरचा साठ लाखांचा आकडा परत बघा. घरातले २६ लाख आणि सव्वा कोटी यांची तुलना करत बसलेत. खरी तुलना साठ आणि त्रेसष्टची आहे. आणि त्रेसष्टवाल्या मुलीला एफएमजीई द्यावी लागत नाही.

या परीक्षेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळा जुगार तिथे आहे. ३०० प्रश्न, पास व्हायला १५०, वर्षातून दोनदा. अलीकडच्या परीक्षांत बसलेल्या दर पाचांतला एक, फार झालं तर तीनांतला एक पास होतो. लोक हा आकडा ऐकून घाबरतात किंवा 'आपली पोरगी हुशार आहे' म्हणून सोडून देतात, आणि दोन्ही चूक. त्यात पाच-पाच वेळा बसलेलेही मोजलेले असतात, त्यामुळे अभ्यासू मुलीची शक्यता त्याहून नक्की जास्त आहे. पण तिकडे वॉर्डातला पेशंट रशियन किंवा किर्गिझ बोलतो, आणि भाषा न कळता ज्यांनी पाच वर्षं कॉरिडॉरमध्ये काढली त्यांची इथे दमछाक होते.

माझ्याकडे सल्ल्यासाठी दोन घरं येतात. एका घरातली मुलगी मध्य आशियातूनच शिकून आली. तिसऱ्या वर्षापासून भारतीय पुस्तकं आणि रात्री दोन तास इथला ऑनलाइन क्लास. पहिल्याच प्रयत्नात पास झाली, आता ग्रामीण रुग्णालयात आहे. दुसऱ्या घरातला मुलगा गेल्या वर्षी वडिलांसोबत आला होता. बोलता बोलता वडिलांनी त्याचा मोबाइल माझ्यापुढे धरला. तिसऱ्या प्रयत्नाचा निकाल, १४७. मुलगा खाली बघून चहाच्या कपाची कड नखाने खरवडत होता. वडील त्याला काही बोलले नाहीत, मला विचारलं, "हप्ता एकतीस हजार आहे, एफडी मोडू का?" तीन गुणांचा खर्च कसा मोजायचा हे मला त्या दिवशी सांगता आलं नाही. शंभर घरांना मिळून सरासरी लावता येते, पण तुमची मुलगी एकच आहे. ती एकतर डॉक्टर होईल किंवा साठ लाख आणि आठ वर्षं गेलेली असतील, मधलं काही नाही.

म्हणून माझं मत असं. राज्याचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलची तिसरी फेरी आणि त्यानंतरची रिक्त जागांची फेरी होऊ द्या. पसंतीक्रम भरताना फक्त कॉलेजचं नाव बघू नका, प्रत्येकाची मंजूर फी शेजारी लिहा आणि १२ लाखांच्या वरचं कॉलेज सरळ गाळा. ४०२ हा आकडा ऐकून निराश होऊ नका, रँक बघा. २०२४ ला ७२० पैकी ७२० मिळवणारे होते, २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते. दोन्ही वर्षांचे गुण एका तराजूत तोलता येत नाहीत. तोवर डीम्डचे पर्याय 'भरून ठेवू, मग बघू' म्हणून एमसीसीच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय प्रवेश समितीच्या पोर्टलवर भरू नका. त्याला दोन लाखांची अनामत असते आणि पुढच्या फेरीत मिळालेली जागा नाकारली की ती बुडते.

राज्य कोट्यात नंबर लागला तर पैसे असे उभे करू. ठेवीतले पाच लाख अडीअडचणीला बाजूला. उरलेले सहा आणि फंडातले सहा, बारा. पगारातून आणि बऱ्या वर्षाच्या द्राक्षांतून मिळून वर्षाला चार लाख, साडेपाच वर्षांचे बावीस. उरलेले तीस लाख शैक्षणिक कर्ज, घर तारण ठेवून. साडेसात लाखांच्या वर बँक सहसा तारण मागते. सवलतीचा काळ संपेपर्यंत ते ४४ लाखांच्या आसपास जाईल आणि हप्ता ४८-४९ हजार होईल. जड आहे. पण तो तिच्या पगारातून निघतो, आणि तुमची नोकरी २००५ च्या आधीची असल्याने मागे पेन्शन आहे. कर्ज मंजूर झालं त्याच आठवड्यात स्वतःचा ५० लाखांचा टर्म विमा घ्या, बँकेची एकरकमी विमा पॉलिसी कर्जात मिसळून घेऊ नका. व्याजावर आठ वर्षं पूर्ण वजावट मिळते, पण फक्त जुन्या करपद्धतीत. तुम्ही नव्या पद्धतीत असाल तर ती धरू नका.

(इतर वाचकांसाठी एक गोष्ट. घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास २०२४ पासून राज्यात शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. सरांचा पगार त्या रेषेच्या वर आहे. तुमचा नसेल तर आधी उत्पन्नाचा दाखला काढा, मग मला पत्र लिहा.)

नाहीच लागला तर? तर मी मुलीला आणखी एक वर्ष देईन. लातूरला राहून क्लासचे अडीच लाख जातील. एजंट म्हणेल, सीट जाईल, आत्ताच भरा. जात नाही. परदेशी प्रवेशासाठी नीटचा निकाल तीन वर्षं चालतो, म्हणजे बिश्केकचा रस्ता पुढच्या वर्षीही तसाच राहील. थांबण्याची किंमत इतकी कमी असताना घाई फक्त एजंटला परवडते. तिसऱ्यांदा अभ्यास करायची तिची मनापासून तयारी आहे का, हे मात्र तुम्ही नाही, तिच्या आईने एकटीला गाठून विचारावं. ती नको म्हणाली तर बीएएमएसचा फॉर्म कमीपणा न मानता भरा.

आणि एवढं होऊनही तिकडे जायचं ठरलं, तर एजंटकडून तीन गोष्टी विद्यापीठाच्या लेटरहेडवर मागा: एकूण कालावधी आणि माध्यम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि परदेशी पदवीधराला तिथला परवाना मिळतो हे. त्याने हे दिलं नाही तर विषय संपला. पैसे दरवर्षी बँकेतून थेट विद्यापीठाच्या खात्यावर, एजंटच्या हातात रोख काही नाही. वर्षाला दहा लाखांच्या वर स्वतःचे पाठवले तर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर कापला जातो, तो विवरणपत्रात वळता होतो. मे २०२४ मध्ये बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर जमाव चालून गेला होता. युक्रेनमधून २०२२ ला हजारो मुलं अर्ध्यातून परतली. तेव्हा एका वर्षाचा खर्च हाताशी मोकळा हवा.

बाग विकायची नाही. करामुळे नव्हे, गावाकडच्या शेतजमिनीच्या विक्रीवर तसाही कर बसत नाही. पण धाकटा चार वर्षांत बारावी होईल, तेव्हा विकायला काय उरेल? शिवाय जमीन वडिलोपार्जित असेल तर भावाची सही लागेल, आणि घाईत विकणाऱ्याला भाव मिळत नाही हे मी तुम्हाला सांगायला नको.

जीपीएफ काढण्याच्या अर्जावर सही करून ठेवल्याचं लिहिलंत. तो तूर्त कपाटात राहू द्या. ऑक्टोबर छाटणीचं उरकून घ्या, तिसऱ्या फेरीची यादी लागली की मिळालेल्या कॉलेजचं नाव आणि मंजूर फी एवढंच मला कळवा. कर्जाचा तक्ता मी तुम्हाला तेव्हा रुपया-पैशासकट करून पाठवतो.