छर्ऱ्याची रायफल परवडेल, जानेवारीचा हप्ता नाही

मुलुंड पूर्वेहून एका वाचकांचं पत्र आलंय, तेही चक्क पोस्टाने. पाकिटात दोन पानं हिशेब, पगाराची स्लिप, एका विमा योजनेच्या माहितीपत्रकाची झेरॉक्स आणि पुठ्ठ्याचं एक टार्गेट. टार्गेटच्या मधोमध अगदी कातरल्यासारखी गोल भोकं. सपाट तोंडाचा छर्रा कागद फाडत नाही, कापतो, हे मला या पत्रामुळे कळलं.

पत्राचा गोषवारा असा. वय 47, ऐरोलीला खासगी कंपनीत नोकरी, हातात 95 हजार. पत्नी शिकवण्या घेतात, 15 हजार. मुलगी दहावीत. घराचं कर्ज 30 लाख बाकी, व्याज 8.4 टक्के, हप्ता 32 हजार. बाकी घरखर्च 42 हजार, एसआयपी 8 हजार. एफडी 4 लाख. छंद एअरगनचा: सात नग जमवलेत आणि शनिवारी वरळीच्या रेंजवर नेमबाजी. आता एक जर्मन मॅच, म्हणजे स्पर्धेची, एअर रायफल 2 लाख 10 हजारांत सेकंडहँड मिळतेय, नेमबाजीच्या जाकीट-पँटचे 30 हजार वेगळे. प्रश्न एवढाच: पर्सनल लोन काढू की जुन्या बंदुका विकू? जुन्यांची किंमत तर वाढतच जाणार, मग त्या विकणं मूर्खपणा नाही का? आणि कंसात एक वाक्य: "(एफडी मोडत नाही, कारण त्यातूनच जानेवारीत गॅरंटीड प्लॅनचा दीड लाखाचा हप्ता जातो.)"

नमस्कार. तुमच्या पत्रातलं कंसाबाहेरचं सगळं मला ठीक वाटलं. घोळ त्या कंसात आहे, तेव्हा रायफल थोडा वेळ पेटीतच राहू दे.

हा विम्याचा गॅरंटीड प्लॅन विकताना बँकेतल्या मॅडमनी तुम्हाला सांगितलं, दहा वर्षं दीड-दीड लाख भरा, मग बाराव्या वर्षाच्या अखेरीपासून दहा वर्षं दरसाल 2 लाख 85 हजार घ्या. "15 लाखांवर वर्षाला 2.85, म्हणजे 19 टक्के, सर, आणि तेही गॅरंटीड." झेरॉक्सवर समासात पेनाने 19 टक्के लिहून त्याभोवती गोल केलाय. तो त्यांनी केला की तुम्ही, ते विचारत नाही. पण मुद्दल परत मिळतं का? नाही. त्या 2.85 मध्ये तुमचंच मुद्दल तुकड्यातुकड्याने परत येतंय. याला 19 टक्के म्हणायचं, तर मी तुमच्याकडून 100 रुपये घेऊन पुढे दरवर्षी 20 असे पाचदा परत दिले, तर मीही 20 टक्के दिले म्हणायला हरकत नाही.

तुमच्याच टार्गेटच्या पाठीवर हिशेब मांडला. भरता एकूण 15 लाख, मिळतात एकूण साडेअठ्ठावीस. पैसे सरासरी कधी भरले आणि सरासरी कधी मिळाले, यातलं अंतर 12 वर्षांचं. आता 72 चा नियम, म्हणजे 72 ला वर्षांनी भागलं की पैसे दुप्पट व्हायला लागणारा दर: 12 वर्षांत दुप्पट व्हायला 6 टक्के लागतात. तुमचे दुप्पटही होत नाहीत. साडेपाच टक्के, यापुढे सुई सरकत नाही. याच वेळापत्रकाने पीपीएफच्या आजच्या 7.1 टक्क्यांनी वर्षाला 3 लाख 40 हजारांच्या आसपास निघाले असते.

पण पीपीएफही जाऊ द्या. तुमच्या डोक्यावर 8.4 टक्क्यांचं कर्ज आहे. म्हणजे बँकेकडून 8.4 ने घ्यायचे आणि त्याच बँकेच्या टेबलावर बसून साडेपाचने परत द्यायचे. वर "गॅरंटीड" म्हणून खूश व्हायचं! यात गॅरंटी एकच आहे, पावणेतीन-तीन टक्क्यांच्या तोट्याची. तुम्ही कर वाचतो असंही लिहिलंय. पगाराच्या स्लिपवर तुम्ही नव्या करप्रणालीत आहात. तिथे 80सीची वजावटच नाही. हप्ता भरताना एक पैसाही वाचत नाही, हे मॅडमना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

आता त्याहून गंभीर गोष्ट, जी तुम्ही विचारलीही नाहीत. "प्लॅनमध्ये 15 लाखांचा विमा आहेच," असं एका ओळीत उरकलंय. हे 15 लाख कुठून आले? तुमचा पगार, कर्ज, मुलीचं शिक्षण बघून कोणी काढलेले नाहीत. पुढे मिळणारी रक्कम करमुक्त राहायची तर विमा हप्त्याच्या दहापट लागतो, म्हणून दीड गुणिले दहा. विम्याचं गणित संपलं. वाईट बोलतोय, पण उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर वहिनींच्या हाती 15 लाख, समोर 30 लाखांचं कर्ज आणि शिकवण्यांचे महिना 15 हजार. कर्जाचा विमाही नको म्हणालात, कारण "प्लॅन आहे ना". तुमच्या घरात सगळ्यांत महाग वस्तू कोणती, तर ही समजूत.

तेव्हा आधी 1 कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा विमा, वयाच्या 60-62 पर्यंतचा. या वयाला, तब्येत ठीक असेल तर, वर्षाला 25 ते 30 हजार धरा. फॉर्मवर छंदांचा रकाना असेल तर नेमबाजी स्पष्ट लिहा. दहा मीटरवरून कागदावर छर्रे मारणाऱ्याला कोणी घाबरत नाही, पण लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी बाहेर आली की त्रास वहिनींना. पॉलिसी विवाहित स्त्री संपत्ती कायद्याखाली घ्या, म्हणजे ते पैसे कर्जवाल्यांच्या हाती न लागता वहिनी आणि मुलीकडेच जातील. फॉर्म भरतानाच ती खूण करायची असते, नंतर होत नाही.

टर्मची पॉलिसी हातात पडली की मगच जुन्या प्लॅनकडे वळायचं, आधी नाही. कंपनीला लेखी विचारा: आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर पुढे दरसाल किती. आकडा कागदावर मागा. मॅडमना फोन करू नका, त्या "सर, आता थांबलात तर नुकसान" म्हणतील. नुकसान दोन वर्षांपूर्वीच झालंय. पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत परत करायची मुभा असते, ती कोणी वापरत नाही, कारण त्या 30 दिवसांत पाकीट कपाटाबाहेर येत नाही. भरलेल्या 3 लाखांतले 2 लाख परत मिळतील असं धरून पुढचं लिहितोय. कमी मिळाले तर पेड-अपचा आकडा बघून ठरवू. तिसरा हप्ता मात्र भरायचा नाही.

म्हणजे वर्षाला दीड लाख मोकळे झाले. टर्मचे 30 हजार गेले, उरले 1 लाख 20 हजार, महिना 10 हजार. आत्ताच्या हप्त्याने तुमचं कर्ज फिटायला पावणेतेरा वर्षं लागतात, म्हणजे साठीला टेकेपर्यंत. निवृत्ती 58 ला, हे तुम्हीच लिहिलंय. निवृत्तीनंतरची दोन वर्षं हप्ता कोण भरणार होतं, प्लॅन? त्याचं उत्पन्न सुरू व्हायचं तेव्हा नुकतं सुरू होईल आणि जवळजवळ सगळं बँकेलाच जाईल. तेच 10 हजार दरमहा कर्जात जास्त टाका: सव्वाआठ वर्षं. पंचावन्न-छप्पनला घर तुमचं. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी भरल्याचा दंड नसतो, आणि जास्त भरताना हप्ता कमी न करता मुदत कमी करा असं बँकेला लेखी सांगा. न सांगितलं तर त्यांच्या सोयीचं होतं.

एफडीबद्दल. 4 लाखांची म्हणता, पण त्यातले दीड दर जानेवारीला उडतात. म्हणजे ती अडीअडचणीची नाहीच, हप्त्याची आहे. सरेंडरचे पैसे तिथेच टाका.

आता बंदुका.

संग्रहाबद्दल मी तुम्हाला हसणार नाही. माझ्याकडे 31 फाउंटन पेनं आहेत, त्यांतली चार गळतात, एक शर्ट कायमचा गेला. पण मी त्यांना मालमत्तेच्या यादीत धरत नाही. तुम्ही सात नगांची किंमत "आजच्या बाजाराने अडीच लाख" लावलीत. कुठल्या बाजाराने? डायना 35, बीएसए, दोन देशी आयएचपी. एअरगनची ही नावं ओळखणारा ओळखेल, पण मुंबईत असे किती जण, आणि त्यांतले ऐन गरजेच्या आठवड्यात रोख घेऊन येणारे किती? वर मुंबईचा पावसाळा. एक जुलै तेल लावायचं राहिलं की बॅरलवर तपकिरी ठिपके. लेदर वॉशर सुकतो, स्प्रिंग बसते. सोनं तिजोरीत पडून राहिलं तर सोनंच राहतं. ही यंत्रं आहेत, त्यांना माणूस लागतो. तीन विकलेल्या बऱ्या, आणि तिघींचे मिळून 50 हजार आले तर आनंद माना. डायना ठेवा. ती विकून तुम्ही मला आयुष्यभर शिव्या द्याल.

चोर बाजारातून घेतलेली पॉइंट 22 बोअरची (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) जुनी इंग्लिश एअरगन विकायच्या यादीत सगळ्यांत वर, 60 हजारांना, लावलीत. तिला हातही लावू नका. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे बिनपरवाना चालते ती पॉइंट 177, म्हणजे साडेचार मिलिमीटर बोअरची आणि 20 ज्यूलच्या आतली. त्यापलीकडे परवाना. पावती नाही, परवाना नाही, तर ती मालमत्ता नव्हे, जोखीम आहे. विकणं राहू दे, आधी या विषयातल्या वकिलाला भेटा आणि काय करायचं ते रीतसर करा. माझ्या हिशेबात तिची किंमत शून्य.

जर्मन रायफलबद्दल एकच प्रश्न: सिलिंडरवर कुठलं वर्ष छापलंय? या रायफली दाबलेल्या हवेवर चालतात, आणि हवेच्या सिलिंडरला कंपनीची मुदत असते. मुदत उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. विकणारा दस्त्याची पॉलिश दाखवेल, ट्रिगर दाखवेल, सिलिंडर फिरवून दाखवणार नाही. मुदत संपत आली असेल तर नव्याची किंमत 2 लाख 10 हजारांतून वजा करून बोला, पावती आणि ओळखपत्राच्या प्रतीसकट. हवा भरायची सोय रेंजवर आहे की पंप घ्यावा लागेल, तेही आधीच विचारा. पेलेटचा, म्हणजे छर्ऱ्यांचा, 500 चा डबा 900 ला पडतो असं लिहिलंय. आठवड्याला 160 मारलेत तर वर्षाला 16-17 डबे, 15 हजार. रेंजचे महिना 2 हजार धरून छंद वर्षाला 40 हजारांचा. परवडतो. तुमच्या वयाचे लोक याच्या दुप्पट बाहेर खाण्यात घालवतात आणि वर अ‍ॅसिडिटी.

पर्सनल लोन नाही. 2 लाख 40 हजार, 13 टक्क्यांनी तीन वर्षं: महिना 8 हजार 100, व्याज 50 हजार. म्हणजे जाकीट-पँटच्या दीडपटीहून जास्त पैसे नुसत्या व्याजात. त्याऐवजी या एका जानेवारीत टर्मचा हप्ता देऊन उरलेले 1 लाख 20 हजार रायफलला वापरा, वर तीन बंदुकांचे 50 हजार. उरलेले 40 हजार चार महिने थांबून जमवा, जाकीट सध्या रेंजवरचं कुणाचं तरी जुनं घ्या. कर्जात जास्तीचे 10 हजार पुढच्या जानेवारीपासून. हो, रायफल घ्या असंच सांगतोय. पाच-सहा महिने उशिरा कर्ज फिटेल, चालेल. महिनाभर कपाटात पडणाऱ्या पॉलिसीपेक्षा दर शनिवारी हातात घ्यायची वस्तू बरी.

फक्त तिच्यावर मुलीचं भवितव्य टांगू नका. ती दोनदा रेंजवर आली आणि तुम्ही सरकारी नोकऱ्यांतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणापर्यंत पोचलात. नेमबाज स्वप्नील कुसाळेंचं उदाहरण दिलंत. एक तर त्यांचं पॅरिसचं 2024 चं कांस्य एअर रायफलचं नाही, 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं, म्हणजे तीन पवित्र्यांत नेम धरायच्या वेगळ्या प्रकाराचं. दुसरं, ते 2009 पासून सरकारी क्रीडा प्रबोधिनीत घडले आणि पदकाआधी कितीतरी वर्षं रेल्वेत नोकरी करत होते. आणि तुमच्या शेजारच्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 ला कैरोत दहा मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला, देशाला ऑलिंपिकची जागा मिळवून दिली, आणि चाचण्यांनंतर पॅरिसच्या संघात नव्हता. जगज्जेत्याचं हे, तर दहावीतल्या मुलीच्या कॉलेजच्या फीची तरतूद आरक्षणाच्या भरवशावर थांबवायची? ती 8 हजारांची एसआयपी तशीच चालू दे. मुलीला नेम धरायला आवडत असेल तर आयएचपी तिला द्या, विकायच्या तिनात ती धरू नका.

तुम्ही लिहिलंय, लोकलमध्ये रायफलची पेटी बघून लोक गिटार समजतात आणि तुम्ही हो म्हणता. तेच चालू ठेवा. टार्गेट परत पाठवतोय. पाठीमागे हिशेब आहे, वहिनींना दाखवा. डिसेंबर उजाडायच्या आत मला दोन आकडे कळवा: कंपनीने लेखी दिलेला सरेंडरचा, आणि सिलिंडरवर छापलेलं वर्ष.