‘किंवा समतुल्य’ म्हणजे कंत्राटदाराच्या मर्जीचा माल नव्हे

प्रश्न : मी ठाण्यात सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिकेत राहते. बाथरूम व स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाचे काम एका कंत्राटदाराला मालासह ३ लाख ८० हजार रुपयांत दिले. पैकी ३ लाख १० हजार दिले आहेत. कोटेशनमध्ये बाथरूमच्या जमिनीसाठी ‘अँटी-स्किड मॅट टाइल’ आणि नळांसाठी एका कंपनीचे पितळी बॉडीचे मिक्सर ‘किंवा समतुल्य’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात चकचकीत टाइल आणि वजनाने हलके मिक्सर बसवले गेले. तीन महिन्यांत मिक्सरचा मुलामा उडू लागला आणि खालच्या घराच्या छताला ओल आली. टाइलचा फोटो पाठवला तेव्हा मी अंगठ्याचे चिन्ह पाठवले होते, असे सांगून कंत्राटदार उरलेले ७० हजार मागत आहे. मी काय करावे?

उत्तर : आपल्या प्रकरणातील कच्चा दुवा त्या अंगठ्यातच आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. (मराठीत अंगठा दाखवण्याचा अर्थ याच्या नेमका उलटा आहे, पण ग्राहक आयोगापुढे तो युक्तिवाद चालणार नाही.) भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ६३ नुसार, ठरलेल्या गोष्टीऐवजी दुसरी गोष्ट स्वीकारण्याची मुभा ग्राहकाला असते आणि आपण ती स्वीकारलीत, असे कंत्राटदाराचे वकील म्हणतील. मात्र कलम १३ प्रमाणे संमती तेव्हाच होते, जेव्हा दोन्ही पक्ष एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करतात. त्यामुळे फोटोखाली कंत्राटदाराने काय लिहिले होते, हे आधी पाहा. ‘हा रंग चालेल ना?’ एवढेच विचारले असेल, तर आपण रंगाला होकार दिला, पृष्ठभागाला नाही; टाइल घसरडी आहे की नाही, हे फोटोवरून कळतही नाही. तो संवाद खोडू नका आणि मूळ फोन जपून ठेवा, कारण भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रासह तो संवादच पुरावा म्हणून दाखल करावा लागेल.

आता ‘किंवा समतुल्य’कडे वळू. आपण दिलेल्या मजकुरात हे शब्द मिक्सरपुढे आहेत, टाइलपुढे नाहीत. टाइलचे वर्णन कंपनीच्या नावाने नसून गुणधर्माने केलेले असल्याने, अँटी-स्किड नसलेली टाइल हा सरळसरळ करारभंग ठरतो. मिक्सरच्या बाबतीत बाजारात माल नसल्यास दुसऱ्या कंपनीचा घेण्याची मोकळीक कंत्राटदाराला होती. परंतु पितळी बॉडीऐवजी हलक्या धातूची बॉडी म्हणजे समतुल्य नव्हे, आणि शब्द संदिग्ध असल्यास त्याचा अर्थ मसुदा करणाऱ्याच्या, म्हणजे येथे कोटेशन देणाऱ्याच्या, विरुद्ध लावला जातो.

ओलीचा प्रश्न मात्र थांबणारा नाही. खालच्या सदनिकाधारकाशी कंत्राटदाराचा कोणताही करार नाही; सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) शौचालय, सिंक इत्यादींमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाने सोसायचा असतो. तेव्हा ती दुरुस्ती आपणच करून घ्या आणि तिचा खर्च करार अधिनियमाच्या कलम ७३ खाली कंत्राटदाराकडे मागा. याच कलमाच्या स्पष्टीकरणानुसार, नुकसान आटोक्यात ठेवण्याचे जे उपाय हाताशी होते, तेही भरपाई ठरवताना विचारात घेतले जातात. त्यामुळे छत पडेपर्यंत वाट पाहणे आपल्याच अंगाशी येईल. फरशी फोडण्यापूर्वी मात्र एखाद्या स्वतंत्र वास्तुविशारदाकडून किंवा स्थापत्य अभियंत्याकडून पाणी तुंबवून चाचणी करून घ्या आणि गळती नहाणी ट्रॅपच्या (जमिनीच्या जाळीखालील सांडपाण्याच्या भांड्याच्या) सांध्यातून आहे की भिंतीतील पाइपमधून, हे छायाचित्रांसह लेखी घ्या. कंत्राटदाराला स्पीड पोस्टाने नोटीस देऊन पाहणीसाठी पंधरा दिवसांची मुदत द्या. तो आला नाही, तर दुसऱ्याकडून काम करून घेऊन पावत्या ठेवा.

उरलेले ७० हजार आज देऊ नका, परंतु गप्पही बसू नका. कोणत्या दोषांमुळे रक्कम रोखली आहे, हे त्याच नोटिशीत लिहा. अन्यथा पैसे बुडवण्यासाठीच तक्रार उभी केली, असा आरोप होतो आणि तो खोडणे जड जाते.

नोटिशीला दाद न मिळाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येईल. मालासह घेतलेले काम ही सेवा आहे आणि ठरल्याप्रमाणे न करणे ही सेवेतील त्रुटी. तक्रार आपण राहता त्या जिल्ह्यातही दाखल करता येते, आपल्या रकमेला शुल्क लागत नाही आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. मालाचा दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर आयोग कलम ३८ खाली नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून काढलेले मिक्सर भंगारवाल्याला देऊ नका आणि माळ्यावर टाइलचा एखादा उरलेला खोका असेल, तर त्यावरील छापील बॅच क्रमांकासह तो तसाच राहू द्या.